न मागितलेली खाट

गिरीज, वसई
१४ जून १९९७

सौ. प्रेमलता विहीणबाईंना आशालताचा नमस्कार.

सासूबाई गेल्या, त्यांच्या दिवसांना तुम्ही आणि श्रीरंगराव देवरुखहून एवढा प्रवास करून आलात, ते आमच्या घरात सगळ्यांच्या लक्षात राहिलं आहे. हे सांगायला नाक्यावरच्या फोनच्या बूथवर गेले होते. पण तिथे मागे उभी असलेली माणसं आपलं सगळं बोलणं ऐकतात, आणि बूथवाला मधूनच आपलं मत देतो. त्यापेक्षा पत्र बरं.

क्षितिजाला तिसरा महिना लागला आहे. मी दोन-तीन दिवसांनी आचोळ्याला जाऊन येते. खाणंपिणं बरं आहे. अनुजराव काळजी घेतात. गेल्या वर्षी जे झालं ते माझ्या मनातून जात नाही, पण तिच्यासमोर मी हसत असते.

इकडे सासूबाईंच्या वस्तू मार्गी लावायचं चाललं आहे. मला वाटलं होतं दोन दिवसांचं काम. लुगड्यांच्या गोधड्या शिवायला दिल्या. चष्मा डोळ्यांच्या शिबिरवाल्यांनी नेला. न उघडलेल्या गोळ्या आमच्या डॉक्टरांनी तारखा बघून ठेवून घेतल्या. तारीख उलटलेल्याही घेतल्या. म्हणाले, "उकिरड्यावर टाकू नका, गुरं खातात. माझ्या पट्ट्या-सुयांबरोबर जाळून टाकतो." राहिल्या दोन वस्तू. एक कवळी आणि दुसरी खाट.

कवळी कोण घेणार? आमच्या ह्यांनी ती मोगऱ्याच्या आळ्यात पुरली. दोन दिवसांनी कुत्र्याने उकरून शेजारच्या जुलियानाच्या ओट्यावर नेऊन ठेवली. ती सकाळी झाडायला आली आणि तिथूनच ओरडली, "आशा, तुझी सासू माझ्या ओट्यावर हसते गं!"

खाट तुम्ही पाहिलीच आहे. बंद पडलेल्या नर्सिंग होममधून घेतलेली, लोखंडी, चाकं असलेली. एक हँडल फिरवलं की डोक्याकडची बाजू वर होते, दुसरं फिरवलं की पायाकडची. दीड वर्ष सासूबाईंना तिच्यावर सुख मिळालं. आता ती कुणी फुकट नेत नाही. ज्यांच्या घरी आजारी माणूस आहे त्यांना विचारायला गेलं तर ते असे बघतात, की मी त्यांच्या माणसाची तिरडीच घेऊन आले आहे. भंगारवाला तोडून नेतो म्हणाला, पण चालती वस्तू तोडायला माझा जीव होत नाही. एका धर्मादाय संस्थेत विचारलं, तर तिथले गृहस्थ म्हणाले, "खाट नको बाई, पंखा द्या. पात्यावर नाव घालतो." पंखा फिरताना नाव कुणाला दिसणार, ते विचारायचं राहिलं.

सध्या ह्यांनी तिच्यावर राजेळी केळ्यांचे घड पिकत ठेवले आहेत. खाली हवा खेळते म्हणतात.

मी स्वतः असलं काही मानत नाही. लोखंड ते लोखंड. पण लोकांना कोण समजावणार? तुम्हाला काही सुचलं तर कळवा.

तुमची,
आशालता


देवरुख
२३ जून १९९७

सौ. आशालताबाईंना सप्रेम नमस्कार.

पत्र पोचलं. कवळीचा मजकूर ह्यांना वाचून दाखवला, तेव्हापासून ह्यांनी स्वतःची कवळी डब्यात कुलूप लावून ठेवायला सुरुवात केली आहे. दाताच्या डॉक्टरांकडे द्या. शिकाऊ पोरांना दाखवायला ते ठेवून घेतात. इथल्यांनी माझ्या चुलतसासऱ्यांची घेतली होती. झाडाच्या मुळाशी पुरून ती कुजणार नाही. ती काही खतात जाणारी वस्तू नव्हे.

वस्तू मार्गी लावणं कठीण, हे मला सांगू नका. हे एसटीतून निवृत्त झाल्यापासून आमच्या घरी बारा वर्षांचे कागद, तीन बिघडलेले रेडिओ आणि एका बसचा आरसा आहे. आरसा कशाला, विचारलं तर म्हणतात, "मागचं दिसतं." माणूस जिवंत आहे तोवर त्याच्या वस्तूंना हात लावता येत नाही, आणि गेल्यावर लावायला मन होत नाही. मग लावायचा कधी?

खाट तोडू देऊ नका. तुमच्यासारखं मीही असलं काही मानत नाही. आज ना उद्या गरजू मिळेल.

क्षितिजाला सांगा, जिने हळू चढ. तिसरा मजला आणि लिफ्ट नाही, म्हणून अनुजला तेव्हाच म्हटलं होतं, तळमजला घे. पण तळमजल्यावर पाणी शिरतं म्हणे. आचोळ्यात नळाला येत नाही ते पाणी घरात बरं शिरतं.

आपली,
प्रेमलता


गिरीज
२४ जुलै १९९७

विहीणबाई, नमस्कार.

अनुजरावांनी तुम्हाला कळवलं असेलच, तरी मी लिहिते. सोमवारी क्षितिजाच्या पोटात दुखायला लागलं. नालासोपाऱ्याच्या डॉक्टरीणबाईंनी तपासून पिशवीच्या तोंडाला टाका घातला. बाळ ठीक आहे. पण आता सातवा महिना संपेपर्यंत अंथरुणावरून उठायचं नाही, आणि पायाकडची बाजू उंच ठेवायची.

अनुजरावांनी शेजारच्या बिल्डिंगच्या कामावरून विटा मागून आणल्या आणि पलंगाच्या पायाखाली रचल्या. क्षितिजा रोज थोडी थोडी डोक्याकडे घसरते. सकाळी उशी तिच्या डोक्याखाली असते, दुपारपर्यंत डोकं भिंतीला टेकतं. मग अनुजराव ऑफिसातून येईपर्यंत शेजारणी आणि मी मिळून तिला पुन्हा खाली ओढतो. ती हसते. म्हणते, "आई, मी घसरगुंडीवरच राहायला आलेय." मी पण हसते आणि स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसते.

मी रोज सकाळी वाडीतली फुलं टेम्पोत चढवून आचोळ्याला जाते आणि संध्याकाळी येते. तुम्ही गुडघ्यांमुळे इतक्यात येऊ नका. काळजी करू नका, असं लिहिणार होते, पण ते तरी कसं लिहू?

आशालता


देवरुख
३१ जुलै १९९७

सौ. आशालताबाई, नमस्कार.

अनुजचं पत्र आणि तुमचं एकाच दिवशी मिळालं. देवीला दिवा लावला आहे. गुडघ्यांनी साथ दिली असती तर आज निघाले असते. डॉक्टर म्हणतात, पंधरा दिवस जिना नाही.

विटांचं वाचून मला स्वस्थ वाटत नाही. वीट ती वीट. पलंग काही त्यासाठी केलेला नसतो.

तुमच्याकडची ती खाट अजून आहे का? सहज विचारते. तिचं काय ते आता एकदा ठरवून टाकलेलं बरं. तुम्ही समजूतदार आहात, मी अधिक काय लिहू?

ह्यांचा नमस्कार. ह्यांनी बाळासाठी एक रेडिओ दुरुस्त करायला घेतला आहे. आता त्यातून फक्त कुकरच्या शिट्टीसारखा आवाज येतो.

प्रेमलता


गिरीज
७ ऑगस्ट १९९७

सौ. विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि त्याच दिवशी कामाला लागले. तुम्ही मुद्दाम शब्दाने बोलला नाहीत, हा तुमचा मोठेपणा. मला समजलं. आता तुम्ही अगदी निर्धास्त राहा. खाट घरात नाही.

भुईगावच्या फ्लॉसीचा सासरा सिप्रियनकाका विहिरीजवळ घसरून पडला होता. पाय प्लास्टरमध्ये आहे. फ्लॉसी आणि मी शाळेत एका बाकावर होतो. तिला आधीच विचारलं होतं, तेव्हा काका "मी अजून मेलो नाही" म्हणून अंगावर आले होते. या वेळी मी विचारलंच नाही. ह्यांना सांगून खाट टेम्पोत घातली आणि थेट त्यांच्या ओट्यावर उतरवली. काका आधी पाठ फिरवून पडून राहिले. मग फ्लॉसीने हँडल फिरवलं आणि काका हळूहळू वर आले. ओट्याच्या कठड्यावरून त्यांना गल्ली दिसायला लागली. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. फ्लॉसी म्हणाली, लग्न झाल्यापासून असं पहिल्यांदाच झालं.

तेव्हा मनातून काढून टाका. क्षितिजाच्या जवळपासही ती खाट जाणार नाही.

क्षितिजा आहे तशीच आहे. विटा एकावर एक नीट बसत नाहीत, म्हणून अनुजरावांनी मध्ये जुने कॅलेंडरचे पुठ्ठे घातले आहेत.

तुमची,
आशालता


देवरुख
१३ ऑगस्ट १९९७

सौ. आशालताबाई,

पत्र मिळालं. खाट दिलीत, उत्तम झालं. भुईगावच्या मंडळींना उपयोग झाला हे वाचून समाधान वाटलं. परोपकाराची आवड सगळ्यांनाच असते असं नाही.

क्षितिजाला विटांची सवय होईल. माणसाला कशाचीही होते.

इकडे पाऊस आहे.

प्रेमलता


गिरीज
१९ ऑगस्ट १९९७

विहीणबाई,

तुमचं पत्र चार ओळींचं आहे. मी ते चाळीस वेळा वाचलं. ह्यांनाही वाचायला दिलं. ते म्हणाले, "पावसाचं लिहिलंय की." पुरुषांना पत्र वाचता येत नाही.

माझं काय चुकलं ते सांगा. तुम्ही खाटेचं ठरवून टाका म्हणालात, मी ठरवलं. तुम्हाला भीती वाटत असणार, की ही बाई सासूच्या मरणाच्या खाटेवर माझ्या सुनेला निजवेल. तशी भीती वाटणं साहजिक आहे. म्हणून मी घाईने खाट दिली. मग तुम्ही रागावलात कशाला?

शनिवारी एक वीट फुटली. पलंग एका बाजूला कलला आणि क्षितिजा भिंतीवर आदळता आदळता राहिली. बाळाला काही झालं नाही. डॉक्टरीणबाई घरी येऊन गेल्या. त्या अनुजरावांना म्हणाल्या, "हे विटांचं बांधकाम बंद करा. हॉस्पिटलची खाट मिळते का बघा." त्या गेल्यावर क्षितिजाने माझा हात धरला. "आई, आजीची खाट आण ना."

मी म्हटलं, "दिली गं."

"कुणाला? का? मला लागणार हे तुला माहीत होतं ना?"

मला माहीत होतं, विहीणबाई. टाका घातला त्याच दिवशी माझ्या डोक्यात खाट आली होती. घरी येऊन मी केळीचे घडही उतरवले होते. खाट धुतली, पुसली आणि तशीच उभी राहिले. गावभर मी सांगत फिरले, लोखंड ते लोखंड. स्वतःच्या लेकीची वेळ आली आणि माझा हात हँडलवर जाईना. सासूबाईंचा शेवटचा श्वास मी त्या खाटेवर पाहिला आहे. वाटलं, देवाने पुन्हा गेल्या वर्षीसारखं केलं, तर सगळे माझ्याकडे बोट दाखवतील. सगळ्यांत आधी तुम्ही दाखवाल. खाटेची मला तेवढी भीती नव्हती. तुमची होती.

हे लिहायला नको होतं. पण लिहिलं. आता पाकीट चिकटवते, नाहीतर फाडून टाकेन.

आशालता


देवरुख
२५ ऑगस्ट १९९७

अहो बाई!

मी खाट मागत होते!

हे तुम्हाला कसं कळलं नाही? "सहज विचारते" असं मी आयुष्यात कधी सहज लिहिलेलं नाही. विटांचं वाचल्यावर पहिल्यांदा मनात आली ती तुमची खाट. ह्यांना म्हटलंही, "आशालताबाईंकडे तयार वस्तू आहे आणि माझी सून विटांवर." ते म्हणाले, "मग माग की." कसं मागू? मी मुलाची आई. लग्नात आम्ही काही घेतलं नाही, भांडंसुद्धा नाही, आणि सगळ्यांना छाती पुढे काढून सांगितलं. आता सुनेच्या माहेरची वस्तू मागितली, तर तुमच्या आळीत लोक काय म्हणतील? तेव्हा नको म्हणाले आणि आता खाट मागतात! माझ्या सासूने माझ्या आईकडे एकदा पाट मागितला होता. आईने दिला. पण त्यावर आमच्या माहेरी वीस वर्षं बोलणं चाललं. म्हणून मी आडून लिहिलं. वाटलं, तुम्ही समजूतदार आहात.

तुम्ही इतक्या समजूतदार निघाल, असं वाटलं नव्हतं.

मग तुमचं पत्र आलं की खाट भुईगावला दिली. मला वाटलं, मी मागते आहे हे तुम्हाला कळलं, आणि मागणं आवडलं नाही म्हणून तुम्ही ती मुद्दाम परक्याला दिलीत. म्हणून चार ओळी. पावसाचं खरं होतं.

आता स्पष्ट लिहिते. पत्र मिळताच भुईगावला जा आणि खाट घेऊन या. तुमच्या सासूबाई त्या खाटेवर गेल्या, कारण त्यांचं वय झालं होतं आणि तुम्ही दीड वर्ष त्यांचं सगळं केलंत. खाटेने त्यांना नेलं नाही. आणि देव न करो, पण काही उलटंसुलटं झालंच, तर तुमच्याकडे बोट दाखवणारा आधी माझ्यासमोर येऊ दे. तुम्ही मला भिता, हे वाचून मला रात्री जेवण गेलं नाही. मी एवढी भयंकर आहे का? ह्यांना विचारलं. ते आरसा पुसत बसले.

गुडघा बरा आहे. गणपती झाले की येते.

प्रेमलता


गिरीज
४ सप्टेंबर १९९७

विहीणबाई,

तुमचं पत्र आलं तेव्हा मी जास्वंदीच्या कळ्या मोजून बांधत होते. पत्र वाचलं आणि हसू फुटलं. मग रडू आलं. ह्यांनी विचारलं, "पाऊस आहे का अजून?" म्हटलं, "टेम्पो काढा."

भुईगावला पोचलो तर सिप्रियनकाकांचं प्लास्टर निघालेलं. काठी घेऊन ते व्यवस्थित चालतात, असं फ्लॉसीने हळूच सांगितलं. पण काका खाटेवरच. पाठीला उंच करून, गळ्यात रोझरीची माळ, मांडीवर भाजलेल्या शेंगा, आणि नजर गल्लीत.

"काका, खाट हवी होती," मी म्हटलं.

"मग मी कुठे झोपू?"

"पपा, तुमचा पलंग आहे ना आत," फ्लॉसी म्हणाली.

"आतून मला छप्पर दिसतं. छपरात काय बघू? इथून गल्ली दिसते. कोण कुणाकडे गेलं, किती वेळ बसलं, काय घेऊन निघालं. आधी या घरात मला कुणी जेवलास का विचारत नव्हतं. आता सगळी आळी बातमी विचारायला येते."

काका त्यांच्या घरच्या बोलीत बोलले. मी आपल्या मराठीत लिहिते, पण तो ठसका येत नाही.

ह्यांनी राजेळीचा घड पुढे केला. काकांनी एक केळं सोलून खाल्लं आणि म्हणाले, "हिरामण, केळ्यांवर मला गंडवतोस होय?" फ्लॉसी चिडली. ती म्हणाली, "फादरना बोलावते." काका म्हणाले, "बोलाव. फादरनीच या खाटेवर आशीर्वादाचं पाणी शिंपडलंय. आता ती माझी."

मी काय काय बोलायचं ठरवून गेले होते. त्यातलं एकही आठवेना. मी फक्त म्हटलं, "काका, क्षितिजाला दिवस आहेत. गेल्या वर्षीचं तिचं टिकलं नव्हतं."

काका शेंगा खायचे थांबले. मग त्यांनी वाकून स्वतःच हँडल धरलं. तशा कोनात ते फिरत नाही, म्हणून फ्लॉसी पुढे झाली. काका हळूहळू खाली आले. गल्ली दिसेनाशी झाली. पाय खाली सोडून ते म्हणाले, "माझी काठी दे. आणि बाळ झालं की खाट परत. शब्द देतेस?"

मी शब्द दिला.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. खाट नीट नेता की नाही ते बघायला टेम्पोत पुढे बसले. खाटेवर पावसाचं म्हणून आम्ही पांढरी चादर टाकली होती. मागे फुलांच्या करंड्या होत्या, त्यातले दोन हार ह्यांनी चुरगळू नयेत म्हणून खाटेच्या दांड्याला अडकवले. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. नाक्यावर सायकलवाले उतरून उभे राहिले. एका म्हाताऱ्याने टोपी काढली. एक बाई हात जोडून आमच्याकडे इतक्या कळवळ्याने बघत होती, की मलाही उगीच वाईट वाटायला लागलं. काका खिडकीतून अर्धे बाहेर निघून ओरडत होते, "कुणी मेलेलं नाही! बाळ यायचंय! टोपी घाला!" आचोळं येईपर्यंत त्यांचा आवाज बसला.

बिल्डिंगसमोरचा रस्ता खणलेला, म्हणून खाट चिखलातून हातावर आणली. जिन्यात वळेना. ह्यांनी आणि अनुजरावांनी बोल्ट काढून तिचे तीन तुकडे केले आणि वर नेले. दुसऱ्या मजल्यावरच्या बाई दारात आल्या. "ही तुमच्या सासूबाईंची ना? गेल्या त्या? आणि पोटुशीला?"

महिन्यापूर्वी मी तिथेच जिन्यात बसले असते. त्या दिवशी म्हटलं, "माझ्या विहीणबाईंनी मुद्दाम मागवली आहे."

मुलाची आई म्हणते म्हटल्यावर त्या काय बोलणार? त्यांनी दार लावलं. विहीणबाई, तुमचं नाव फार कामाचं आहे. यापुढेही वापरीन.

क्षितिजाला खाटेवर निजवलं. मी पायाकडे बसून हँडल धरलं. किती फिरवायचं हे मला कुणी सांगायची गरज पडली नाही. दीड वर्ष रोज फिरवलेलं, हाताला ठाऊक होतं. पाय वर आले. ती घसरली नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, आजी 'बस्स' म्हणायची ना, तिथपर्यंतच ठेव." आणि झोपली. मी तिथेच बसून राहिले. सासूबाई गेल्यापासून पहिल्यांदाच त्यांची आठवण आली, आणि त्या बऱ्या असतानाची आली. भात सांडला म्हणून मला ओरडणाऱ्या.

गणपती झाले की या. वाट बघते.

आशालता


देवरुख
१६ फेब्रुवारी १९९८

प्रिय आशालताबाई,

सुखरूप पोचलो. पाच महिने तुमच्यासोबत आचोळ्यात राहून आल्यावर इथलं घर फार शांत वाटतं. पाण्याचा टँकर आला म्हणून कुणी ओरडत नाही. सकाळी उठून मी बादल्या शोधते.

संपदाचं बारसं छान झालं. पण एक विचारते. तुमच्या फ्लॉसीबाई सगळ्यांना सांगत होत्या, की बाळ फादरच्या पाण्यामुळे सुखरूप आलं. सिप्रियनकाका म्हणत होते, त्यांनी खाट गरम करून ठेवली होती म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या टाक्यामुळे. अनुज विटांचंही नाव घेत होता, त्याला मी गप्प केलं. आणि तुम्ही मात्र सगळ्यांना पेढे देत फिरत होतात. काही झालं असतं तर सगळा दोष आपल्या माथी घ्यायला निघालेली बाई, श्रेय वाटताना पेढ्यांच्या ताटामागे! दीड वर्ष सासूला आणि पाच महिने लेकीला जिने हँडल फिरवलं, तिचं नाव कुणी घेतलं नाही. म्हणून मी घेते.

आता मुद्दा. ह्यांचं हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं आहे. नंतर काही दिवस पाठ उंच ठेवून पडायला सांगितलंय. आमच्या पलंगाला ते जमणार नाही, आणि विटांवर आता माझा विश्वास नाही. गेल्या वेळी मी आडून मागितलं, त्याचं काय झालं ते दोघींनी पाहिलं. म्हणून सरळ मागते. खाट देवरुखला पाठवा. मुलाची आई मुलीच्या माहेरची वस्तू मागते आहे. आळीला काय म्हणायचं ते म्हणू दे.

प्रेमलता


गिरीज
२२ फेब्रुवारी १९९८

प्रेमलताबाई,

नाही. खाट देवरुखला येणार नाही.

वरचं वाक्य लिहिलं आणि पेन खाली ठेवून वाडीत एक फेरी मारून आले. मुलीच्या आईने विहिणीला असं तोंडावर नाही म्हटल्याचं आमच्याकडे कुणी ऐकलेलं नाही. ह्यांना सांगितलं तर ते घाबरून गेले. म्हणाले, "निदान 'बघते' तरी लिही." पण बघते लिहिलं असतं, तर तुम्ही वाट बघत बसला असता. मग मी दोन महिने खाट न पाठवता कारणं लिहिली असती, तुम्ही चार ओळींचं पत्र लिहिलं असतं, आणि पुन्हा आपली तीच गत झाली असती.

कारण सांगते. सिप्रियनकाकांना मी शब्द दिला आहे. तुम्ही निघालात त्याच्या दुसऱ्या दिवशी ते पुन्हा काठी टेकत आचोळ्याला आले, तिसरा मजला चढले, आणि संपदाकडे वळायच्या आधी त्यांनी हँडल फिरवून बघितलं. मग बाळाकडे बघून म्हणाले, "हिला वर उचललं तर गल्ली दिसेल का?" परवा खाट भुईगावच्या ओट्यावर पोचली. या पाच महिन्यांत गल्लीत काय काय झालं ते आता त्यांना कुणीच नीट सांगू शकत नाही, म्हणून ते सगळ्यांवर रागावले आहेत.

तेव्हा तुम्ही असं करा. श्रीरंगरावांना घेऊन इकडे या. ऑपरेशन वसईतच करू. डॉक्टर मी विचारून ठेवले आहेत. काकांशीही बोलणं झालं आहे. पंधरा दिवस खाट द्यायला ते तयार आहेत, पण एका अटीवर. खाट ओट्यावरून हलणार नाही. म्हणजे श्रीरंगरावांना भुईगावला काकांच्या ओट्यावर पडावं लागेल. काका शेजारी खुर्ची टाकून बसणार, आणि खाली कोण गेलं, कोण आलं, ते श्रीरंगरावांनी त्यांना बघून सांगायचं. येताना बसचा आरसा आणा, असं काकांनी सांगितलं आहे. त्यांना गल्लीचं दुसरं टोकही बघायचं आहे.

तुम्ही माझ्याकडे राहा. जेवणाचा डबा आपण दोघी नेऊ.

हे जमणार नसेल, तर तुम्हीही सरळ नाही म्हणा. मला आता वाईट वाटणार नाही.

आशालता